स्पायरोमेट्रीच्या कागदावरची उंची

पावसाळ्याच्या तोंडावर दम्याची आणि खोकल्याची पत्रं येतातच. या वेळी निम्म्याहून जास्त पत्रांत एकच गोंधळ दिसला. म्हाताऱ्या माणसाच्या फुंकण्याच्या तपासणीचा, म्हणजे स्पायरोमेट्रीचा, रिपोर्ट हातात आहे, टक्केवारी वाचून घरचे घाबरलेत किंवा निर्धास्त झालेत, आणि त्या टक्केवारीच्या मुळाशी असलेली उंची कुणी नीट मोजलेलीच नाही. म्हणून हा अंक त्या मापांसाठी.

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या, पाठीला बराच बाक आहे. मार्चमध्ये स्पायरोमेट्री केली तेव्हा उंची १४४ सेंमी लिहिली, एफईव्ही-वन १.२० लिटर म्हणजे ७५ टक्के आला. जूनमध्ये दुसरीकडे केली. तिथे उंची मोजली नाही, विचारली. मी अंदाजाने १५२ सांगितली. एफईव्ही-वन पुन्हा १.२० लिटरच, पण टक्के ६७. तीन महिन्यांत आठ टक्के फुप्फुस गेलं का? (एक सून, देवगड)

उत्तर : काहीही गेलेलं नाही. दोन्ही वेळा त्यांनी पहिल्या सेकंदात १.२० लिटरच हवा बाहेर फेकली, एफईव्ही-वन म्हणजे हेच माप. बदलला तो भागाकाराचा खालचा आकडा. यंत्र फुंकलेली हवा मोजतं, पण ती पुरेशी आहे की कमी हे ठरवायला त्याच वयाच्या, त्याच उंचीच्या निरोगी बाईची अपेक्षित हवा हिशोबाला घेतं. रिपोर्टवर ‘प्रेडिक्टेड’ म्हणून छापतात ती हीच. या हिशोबात सगळ्यात जड माप उंचीचं. उंची एक टक्का बदलली की अपेक्षित एफईव्ही-वन सव्वादोन टक्क्यांच्या आसपास बदलतो. तुमच्या रिपोर्टवर १४४ सेंमीला अपेक्षित १.६० लिटर धरलेत, १५२ ला १.८०. पंच्याहत्तर आणि सदुसष्टचा फरक एवढाच.

आता बरोबर कोणता? दोन्ही नाहीत. १४४ ही वाकलेल्या पाठीची उंची. मणके दबले, चकत्या झिजल्या, पाठ वाकली, म्हणून डोकं खाली आलं. फुप्फुसं मात्र तरुणपणीच्या सांगाड्याला साजेशी वाढलेली असतात. वाकलेली उंची घातली की अपेक्षा कमी धरली जाते आणि रोग्याचा आकडा आहे त्याहून बरा दिसतो. दुसरीकडे १५२ हा घरच्यांचा अंदाज. सांगितलेली उंची बहुधा खऱ्यापेक्षा जास्तच निघते, कारण माणसाला आपली विशी-पंचविशीतली उंची लक्षात असते.

अशा वेळी दोन्ही हात पसरून वाव मोजायची. दर्यावर पाण्याची खोली मोजतात तीच वाव, इथे सेंटिमीटरमध्ये. ती भागिले १.०६ केली की उंचीचा वापरण्याजोगा अंदाज मिळतो. सासूबाईंची वाव समजा १६० भरली, तर १६० ÷ १.०६ म्हणजे १५१ सेंमी. अपेक्षित एफईव्ही-वन १.७७ लिटरच्या आसपास, टक्के ६८. काही ठिकाणी वावेलाच उंची समजून १६० टाकतात. मग अपेक्षा दोन लिटरवर जाते आणि तीच बाई ६० टक्क्यांवर येते. १.०६ हे गुणोत्तर सरसकट आहे, प्रत्येक समाजात आणि बाई-पुरुषांत थोडं वेगळं पडतं. म्हणून रिपोर्टवर ‘उंची वावेवरून’ असं लिहून घ्या आणि पुढच्या वेळी तोच आकडा द्या.

यातही एक बारकावा आहे. एफईव्ही-वनला एफव्हीसीने, म्हणजे पूर्ण फुंकून काढलेल्या एकूण हवेने भागलं की जे गुणोत्तर येतं, त्यावर उंचीचा परिणाम जवळजवळ नसतो. सासूबाईंचा एफव्हीसी १.९० लिहिलाय, म्हणजे गुणोत्तर ०.६३. श्वासनलिका अरुंद आहेत हे निदान उंची कुठलीही धरली तरी टिकतं. शिवाय ६७, ६८ आणि ७५ हे तिन्ही आकडे तीव्रतेच्या ५० ते ७९ या एकाच पायरीत बसतात, त्यामुळे औषधं बदलायचं कारण नाही. उंचीची चूक महागात पडते ती आकडा ८० किंवा ५० च्या काठावर असेल तेव्हा. वाव धरल्यावर एफव्हीसीही कमी निघाला, तर त्यात पाठीच्या बाकाचा वाटा किती हे डॉक्टरांना विचारा. वाकलेला पिंजरा पुरता फुगत नाही. ती हवा खरंच कमी असते, पण दोष फुप्फुसाचा नसतो.

प्रश्न : आमच्या उपकेंद्रात आणि घरभेटीत उंची नि वाव मोजायची आहे. स्टँड नाही. कशी मोजावी म्हणजे चूक होणार नाही? (आशा कार्यकर्ती, गुहागर तालुका)

उत्तर : आधी जागा बघा. जांभ्याच्या उघड्या भिंतीला उंचवटे असतात आणि सारवलेल्या जमिनीला खळ्याच्या बाजूला उतार असतो. गिलावा केलेली भिंत शोधा, खाली एक सपाट फळी किंवा फरशी ठेवा. भिंतीच्या तळाशी फरशीची पट्टी बाहेर आलेली असेल तर टाचा भिंतीला लागत नाहीत, माणूस पुढे उभा राहतो. तिथे दाराच्या सपाट फळीला उभं करा.

चपला काढायच्या, आंबाडा सोडायचा, गजरा काढायचा. टाचा जुळवून, टाचा, नितंब आणि खांदे भिंतीला टेकतील तितके टेकवायचे. बाक असेल तर डोकं मागे टेकवायला जबरदस्ती करू नका, हनुवटी वर जाते आणि माप बिघडतं. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत आलं की डोकं सरळ आहे असं समजा. पूर्ण श्वास आत घ्यायला सांगा, ‘ताठ व्हा’ म्हणा, आणि सुताराचा गुण्या भिंतीला लावून डोक्यावर टेकवा. नुसती वही किंवा पट्टी धरली तर ती पुढे कलते आणि सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर सहज वर-खाली होतो. खूण करा, माणसाला बाजूला घ्या, मग मोजा. आकडा मिलिमीटरपर्यंत लिहा. उंची सकाळी जास्त आणि संध्याकाळी थोडी कमी भरते, त्यामुळे दरवर्षी साधारण एकाच वेळी मोजलेली बरी.

वावेला दोन माणसं लागतात. शिंप्याची कापडी टेप वापरू नका, ती वापरून ताणते. स्टीलची दोन मीटरहून लांब टेप घ्या. भिंतीवर खांद्याच्या उंचीला टेप आडवी चिकटवलेली सर्वांत उत्तम. माणूस भिंतीला पाठ लावून उभा राहील, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत, तळवे पुढे, कोपरं सरळ. एका हाताच्या मधल्या बोटाचं टोक शून्यावर टेकवून धरा आणि दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक वाचा. माप बोटाच्या मांसल टोकापर्यंत, नखापर्यंत नाही. वाचण्याच्या क्षणी ‘अजून ताणा, अजून’ असं सांगायचं, कारण वय झालेली माणसं हात पसरतात आणि लगेच सैल सोडतात.

चुका बहुतेक तीन ठिकाणी होतात. कोपर किंचित वाकलेलं राहतं आणि वाव दोन-तीन सेंटिमीटर कमी भरते. एक हात खाली ओघळतो. आणि भिंत नसताना टेप पाठीवरून नेली, तर ती पोकावरून वळसा घेते आणि माप फुगतं. पोक असेल तर टेप पुढून, गळ्याच्या हाडांच्या रेषेत सरळ धरा. दोन वेळा मोजा. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा मोजा आणि जवळच्या दोन मापांची सरासरी घ्या.

प्रश्न : वडिलांना पक्षाघात झालाय, उजवा हात वर जात नाही. त्यांची वाव कशी मोजणार? (वेंगुर्ला)

उत्तर : अर्धी वाव पुरते. त्यांना खुर्चीवर बसवा, चांगला हात खांद्याच्या रेषेत आडवा पसरा. गळ्याखाली जी खळगी असते तिच्या मध्यापासून, मधल्या बोटाच्या आणि त्याशेजारच्या अनामिकेच्या बेचक्यापर्यंत मोजा. पुरुषांसाठी हे माप गुणिले १.४० अधिक ५७.८. बायकांसाठी गुणिले १.३५ अधिक ६०.१. वडिलांचं माप ७६ सेंमी भरलं तर उंची १६४.२ सेंमी.

दोन्ही खांदे आखडलेले असतील तर गुडघ्याची उंची घेतात. गुडघा काटकोनात वाकवून टाचेच्या तळापासून मांडीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, गुडघ्याच्या वाटीच्या थोडं मागे. पुरुष : ६४.१९ वजा (०.०४ × वय) अधिक (२.०२ × गुडघ्याची उंची). बाई : ८४.८८ वजा (०.२४ × वय) अधिक (१.८३ × गुडघ्याची उंची). म्हणजे ७२ वर्षांच्या बाईचं माप ४६ सेंमी असेल तर उंची सुमारे १५१.८. ही सूत्रं युरोपी आणि अमेरिकी माणसांच्या मापांवरून बांधलेली आहेत, आपल्याकडे दोन-चार सेंटिमीटर इकडे-तिकडे होतातच. पण वाकलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाची उंची डोळ्यांनी अंदाजे लिहिण्यापेक्षा ती कितीतरी बरी. कुठलं सूत्र वापरलं ते मात्र लिहून ठेवा.

प्रश्न : पोट सुटलंय, वजन ८८ किलो. रिपोर्टमध्ये वजन लिहितात, मग टक्केवारीत ते धरतात का? (निवृत्त शिक्षक, चिपळूण)

उत्तर : नाही. अपेक्षित आकडा काढायला सध्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या समीकरणांत वय, उंची आणि स्त्री-पुरुष एवढंच येतं, काहींत वंशगटही. वजन निष्कर्ष काढताना बघायला लिहितात. सुटलेलं पोट छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला वर ढकलतं, त्यामुळे एफव्हीसी थोडा उतरतो, पण गुणोत्तर तसंच राहतं. अशा रिपोर्टवर ‘रिस्ट्रिक्शनची शक्यता’ (फुप्फुसात पुरेशी हवा मावत नसावी) असं छापून आलं तर लगेच सीटी स्कॅनकडे धावू नका. तपासणी बसूनच करा, हात असलेल्या खुर्चीत, पाय जमिनीला टेकवून. जोरात फुंकताना घेरी येऊ शकते. पँटचा पट्टा किंवा परकराची नाडी सैल करा.

प्रश्न : छाती फुगवून टेपने मोजली, जेमतेम ३ सेंमीचा फरक येतो. पूर्वी पोलीस भरतीत ५ लागायचे. फुप्फुस खराब झालं का? (वय ७१, मालवण)

उत्तर : भरतीचे निकष तरुणांचे. वय वाढतं तशा बरगड्यांच्या कूर्चा कडक होतात आणि फुगवट कमी होते. २.५ सेंमीच्या खाली आली तर डॉक्टरांना सांगण्याजोगी. सीओपीडीमध्ये, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजारात, छाती आधीच हवेने भरून पिंपासारखी फुगलेली असते, त्यामुळे अजून फुगायला जागा राहत नाही. म्हणजे टेपचा आकडा कमी आणि छातीचा घेर मात्र भरघोस, असंही दिसतं. पाठ आखडण्याच्या संधिवातातही फुगवट घटते. एकाच आकड्यामागे इतकी कारणं असतील तर त्यावरून निदान होत नाही. टेपने स्पायरोमेट्रीची जागा भरून निघत नाही.

मोजायचीच असेल तर टेप छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या रेषेत आडवी ठेवा, आधी पूर्ण श्वास सोडून वाचा, मग पूर्ण घेऊन. खांदे उचलू नका.

प्रश्न : वडील ७८, कधी बिडी ओढली नाही. गुणोत्तर ०.६८ आलं आणि ‘सीओपीडी’ लिहिलंय. (मुरूड)

उत्तर : ०.७० ची सीमारेषा सर्व वयांना एकच लावतात, आणि म्हाताऱ्यांवर तिथेच अन्याय होतो. वयाबरोबर हे गुणोत्तर निरोगी माणसातही उतरतं. अठ्ठ्याहत्तरीत सामान्याची खालची मर्यादा ०.७० च्या खाली असते. रिपोर्टवर ‘झेड-स्कोअर’ (त्या वयाच्या अपेक्षित आकड्यापासून किती दूर) किंवा ‘एलएलएन’ (हीच खालची मर्यादा) नावाचा रकाना शोधा. झेड-स्कोअर उणे १.६४ च्या वर, म्हणजे शून्याच्या बाजूला असेल, तर ०.६८ हे त्यांच्या वयाला चालण्यासारखं. दुसरं म्हणजे हा आकडा पंप देऊन पंधरा-वीस मिनिटांनी परत फुंकल्यानंतरचा आहे का ते बघा. सीओपीडीचं निदान त्यानंतरच्या आकड्यावर करतात. बिडी नसली तरी चूल, राब भाजण्याचा धूर, चिरेखाणीतली धूळ, काजू भाजण्याच्या भट्ट्या यांपैकी काही आयुष्यात होतं का, हेही डॉक्टरांना सांगा.

आणि जन्मतारीख! आपल्याकडच्या जुन्या माणसांपैकी कितीजणांचा वाढदिवस एक जूनला येतो ते आठवा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेलं वय चार-पाच वर्षांनी चुकलेलं असू शकतं. एफईव्ही-वन उतारवयात वर्षाला साधारण २५ ते ३० मिली घटतो, तेव्हा पाच वर्षांच्या चुकीने अपेक्षित आकडा सव्वाशे-दीडशे मिलीने सरकतो. खरं वय घरात कुणाला ठाऊक असेल तर ते सांगा.

प्रश्न : आमच्या केंद्रात मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये त्याच रुग्णांचे आकडे वेगळे येतात. शाळेच्या हॉलमध्ये शिबिर घेतलं की आणखीच. (तंत्रज्ञ, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : फुप्फुसातली हवा ३७ अंशांची आणि वाफेने पूर्ण भरलेली. ती बाहेर येऊन थंड झाली की आकसते, म्हणून यंत्र खोलीच्या तापमानावरून दुरुस्ती करतं. आकारमान मोजणाऱ्या यंत्रात २५ अंशांना हा गुणक १.०७५, ३० अंशांना १.०४५. म्हणजे पाच अंशांची चूक तीन टक्क्यांची. यंत्र वातानुकूलित खोलीतून दमट हॉलमध्ये नेलं की त्याचा अंतर्गत तापमापक लगेच जुळत नाही. ते चालू करून खोलीशी जुळेपर्यंत थांबा आणि वेगळ्या तापमापकाने पडताळा घ्या. हॉलचा पंखा बंद करा. शून्य ठरवताना वाऱ्याची झुळूक आली तर प्रवाह मोजणारं यंत्र तिलाच श्वास समजतं, आणि मग एफव्हीसी संपतच नाही, आलेख वर सरकत राहतो. पावसात सेन्सरच्या जाळीवर दव धरतं, फिल्टर ओले होतात. प्रत्येक रुग्णाला कोरडा, नवा फिल्टर द्या.

रोज सकाळी ३ लिटरच्या सिरिंजने तपासा, फिल्टर लावून, हळू, मध्यम आणि जोरात अशा तीन वेगांनी. तिन्ही वेळा २.९१ ते ३.०९ च्या आत यायला हवं. सिरिंज त्याच खोलीत ठेवा, काखेत किंवा गाडीच्या डिकीत नाही. एवढं करूनही एका रुग्णाच्या दोन उत्तम प्रयत्नांत १५० मिलीपेक्षा जास्त फरक असेल तर अजून फुंकायला सांगा, पण आठ प्रयत्नांपुढे जाऊ नका. म्हातारा माणूस दमतो आणि आकडे उतरत जातात. वर्षभराच्या अंतराने १५ टक्क्यांहून कमी बदल असेल तर तो रोग वाढल्याचा पुरावा धरू नका. आणि समीकरण बदलू नका. २०१२ च्या जागतिक समीकरणांत भारतीय उपखंडासाठी वेगळा गट नाही, २०२२ च्या ‘ग्लोबल’ समीकरणांत वंशगटच काढलेत, शिवाय भारतातली स्वतंत्र समीकरणं आहेत. तोच माणूस प्रत्येकात वेगळ्या टक्क्यांवर बसतो.

प्रश्न : मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, कवळी आहे, पंप चालू आहे. तपासणीला कसं जावं? (दापोली)

उत्तर : डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर किमान आठवडा जाऊ द्या, पोटाच्या किंवा छातीच्या शस्त्रक्रियेनंतर चार आठवडे. कवळी घट्ट बसत असेल तर तोंडातच ठेवा, ओठांना आधार मिळतो. हलत असेल तर काढा. थुंकीतून रक्त येत असेल किंवा टीबीचा संशय असेल तर आधी ते सांगा. पंप बंद करायचा का हे डॉक्टर ठरवतात. पहिल्या निदानासाठी सालब्युटामॉल ४ ते ६ तास, दिवसातून दोनदा घ्यायचे फॉर्मोटेरॉल-साल्मेटेरॉल २४ तास, टायोट्रोपियम ३६ ते ४८ तास थांबवतात. वाटेत धाप लागली तर पंप घ्या आणि तिथे तसं सांगा.

प्रश्न : आई ७० वर्षांची, चुलीच्या धुरातच आयुष्य गेलं, सीओपीडी आहे. वजन ३८ किलो. शिबिरात ‘बीएमआय नॉर्मल’ सांगितलं. पण ती वाळत चाललीय. (कुडाळ)

उत्तर : तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पत्रात तुम्ही शिबिरातली उंची १४२ आणि वावेवरून काढलेली १४८ लिहिलीय. १४२ ने बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, १८.८ येतो, १४८ ने १७.३. साडेअठराच्या खाली म्हणजे कमी वजन. बाकाने चोरलेल्या सहा सेंटिमीटरनी अशक्त बाईला कागदावर धडधाकट केलं. सीओपीडीत तर २१ च्या खालचा बीएमआयही काळजीचा धरतात.

पोटरीचा सर्वांत जाड घेर मोजा, बसवून, पाय जमिनीवर टेकवून, टेप न आवळता. बायकांत ३३ सेंमीपेक्षा कमी, पुरुषांत ३४ पेक्षा कमी असेल तर स्नायू घटल्याची शंका घेतात. पायाला सूज असेल तर हे माप आणि वजन दोन्ही फसवतात. खाण्यात दोन वेळचा भाताचा डोंगर नको, पोट फुगलं की धाप वाढते. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या : अंडं, बांगडा किंवा जे मिळेल ते मासे, कुळथाची पिठी, दुधातलं नाचणीचं सत्त्व. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि चालणं थांबवू नका. नुसत्या खाण्याने स्नायू भरत नाहीत.

प्रश्न : उंची दरवर्षी मोजावी का? की वाव एकदा मोजली की झालं? (अलिबाग)

उत्तर : वाव एकदा नीट मोजून रिपोर्टच्या फाइलवर लिहून ठेवली की पुरते, ती फारशी बदलत नाही. उभी उंची मात्र दरवर्षी मोजा, स्पायरोमेट्री असो वा नसो. चाळिशीनंतर दहा वर्षांना सेंटिमीटरभर घट सर्वांचीच होते. पण एका वर्षात २ सेंमी, किंवा तरुणपणच्या उंचीपेक्षा ४ सेंमीहून जास्त घट झाली असेल तर मणका दबून मोडलेला असू शकतो, पाठ दुखत नसली तरी. तेव्हा पाठीचा एक्स-रे काढून घ्या. दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्यांनी तर नक्कीच.